‘आयरिश नेल’ची वंशकथा : नाव, साक्ष आणि ऐकीव पुरावा

१६८१ साली उत्तर अमेरिकेतील मेरीलँड या इंग्रज वसाहतीत एलेनॉर बटलर नावाच्या एका आयरिश स्त्रीने चार्ल्स नावाच्या आफ्रिकी वंशाच्या गुलामाशी विवाह केला. ती करारबद्ध चाकर होती. चार्ल्स हा बोअरमन नामक जमीनदार घराण्याच्या मालकीचा होता. या विवाहानंतर ऐंशीहून अधिक वर्षांनी, १७६० च्या दशकात, तिचे वंशज विल्यम व मेरी बटलर या दांपत्याने ‘आम्ही स्वतंत्र स्त्रीची संतती असल्याने स्वतंत्र आहो’ असा दावा वसाहतीच्या न्यायालयात मांडला. त्या दाव्याच्या निमित्ताने परिसरातील वृद्ध स्त्रीपुरुषांच्या साक्षी लिहून घेण्यात आल्या. आज नेलविषयी जे काही सांगितले जाते त्याचा बहुतांश आधार या साक्षी हाच आहे. इतिहासकारांनी त्यांचा उपयोग मुबलक केला आहे. तथापि साक्ष हा एक विशिष्ट प्रकारचा भाषिक लेख आहे, त्याला स्वतःची घडण आणि स्वतःचा हेतू असतो, या गोष्टीकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत लेखात त्या दृष्टीने या वंशकथेचा विचार करावयाचा आहे.

प्रथम ज्या कायद्यामुळे हा वाद उद्भवला तो पाहू. व्हर्जिनिया वसाहतीने १६६२ साली अपत्याची स्थिती मातेच्या स्थितीवरून ठरेल असा नियम केला होता. मेरीलँडने १६६४ साली निराळा मार्ग धरला. जी स्वतंत्र जन्मलेली इंग्रज स्त्री गुलामाशी लग्न करील तिने नवरा जिवंत असेतोवर त्याच्या धन्याची चाकरी करावी, आणि तिची मुले बापाप्रमाणे गुलाम समजावी, असा हा कायदा होता. १६८१ साली तो रद्द करण्यात आला. धनीच आपल्या चाकर स्त्रियांची अशी लग्ने घडवून आणून फुकटची चाकरी व गुलाम संतती पदरात पाडून घेतात, असे आढळल्यावरून नव्या कायद्याने दंडाचा रोख धन्याकडे वळविला. धन्याच्या चिथावणीने अथवा संमतीने असे लग्न झाल्यास स्त्री व तिची मुले मुक्त व्हावीत, आणि धन्याला व लग्न लावणाऱ्या धर्मगुरूला दहा दहा हजार पौंड तंबाखूचा दंड व्हावा, असे त्यात ठरले.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने या दोन कायद्यांत एक लहानसा परंतु फार महत्त्वाचा फरक आहे. पहिल्या कायद्यात केवळ ‘इंग्रज’ स्त्रीचा उल्लेख आहे. दुसऱ्यात ‘इंग्रज अथवा गोऱ्या’ स्त्रीचा. सतरा वर्षांत एका नामविशेषणाशेजारी दुसरे येऊन बसले. देश व राजनिष्ठा यांवरून माणसाची ओळख सांगणाऱ्या शब्दाच्या जोडीला वर्णावरून ओळख सांगणारा शब्द आला. नेलच्या बाबतीत हा बदल विशेष बोलका आहे, कारण ती इंग्रज नव्हतीच. ती आयरिश होती. तिचे लग्नही कॅथलिक धर्मगुरूने लावले. १६६४ च्या कायद्याचा शब्दशः अर्थ घेतला तर ती त्याच्या कक्षेत येते काय, असा प्रश्न विचारणे शक्य होते. १६८१ च्या कायद्याने तो प्रश्नच निकालात काढला. आयरिश स्त्री ‘गोरी’ या पदात सहज सामावते.

आता तिच्या नावाकडे वळू. अभिलेखांत ती एलेनॉर बटलर, परंतु लोकांच्या तोंडी ‘आयरिश नेल’ आहे. ‘बटलर’ हे आडनाव मूळचे गेलिक नव्हे. मद्याची व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्याचे वाचक असलेल्या जुन्या फ्रेंच शब्दापासून ते आले, आणि बाराव्या शतकात आयर्लंडमध्ये उतरलेल्या अँग्लो-नॉर्मन सरदारांबरोबर त्या भूमीत रुजले. ऑर्मंडचे अर्ल याच घराण्यातले. म्हणजे केवळ आडनावावरून या स्त्रीचे आयरिशपण ओळखू आले नसते. ते शेजाऱ्यांनी वेगळा शब्द जोडून सांगितले. विशेषण नावाला कायमचे चिकटते तेव्हा ते इतरांपासून वेगळेपण दाखविण्यासाठी चिकटते. ज्या वस्तीत सर्वच गोऱ्या स्त्रिया आयरिश असत्या, तेथे ‘आयरिश नेल’ हे नाव पडलेच नसते.

या आडनावाचा पुढील प्रवासही ध्यानात घेण्याजोगा आहे. चार्ल्सच्या नावामागे आडनाव नाही; तो केवळ चार्ल्स. वंशजांनी लावलेले बटलर हे नाव मातेकडून आलेले आहे. १६६४ च्या कायद्याने मुलांची स्थिती बापावरून ठरविली. नावाने मात्र आईची आठवण जतन केली. गुलामगिरी बापाकडून आणि नाव आईकडून, असा हा विलक्षण वारसा होता. चार पिढ्या हे नाव टिकविणे म्हणजे स्वातंत्र्याचा दावा तोंडी जपून ठेवणे होय, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

मग या वंशाची कथा न्यायालयात सांगितली कोणी? येथे एक कठोर वस्तुस्थिती आड येते. मेरीलँडच्या १७१७ च्या कायद्याने आफ्रिकी वंशाच्या माणसाची साक्ष गोऱ्या ख्रिस्ती माणसाविरुद्ध अग्राह्य ठरविली होती. त्यामुळे बटलर कुटुंबाला आपल्या कुळाचा वृत्तान्त आपल्या तोंडाने सांगण्याची सोय नव्हती. तो सांगितला शेजारच्या गोऱ्या वृद्धांनी, ज्यांत बोअरमन घराण्याशी नातेसंबंध असलेलेही होते. म्हणून या साक्षींना कुटुंबाचा इतिहास म्हणताना थोडे थांबावयास हवे. कुटुंबाविषयी इतरांनी जपलेली ती स्मृती आहे. बटलरांच्या घरी आजीने नातीला काय सांगितले असेल, ते या कागदांत नाही.

साक्षींची वाक्यरचनाही तपासली पाहिजे. साक्ष देणारा बहुधा ‘आपण आपल्या आईकडून ऐकले’, ‘अमक्या वृद्धेस बोलताना ऐकले’, अशा आधाराने बोलतो. मराठीत ‘म्हणे’ या एका शब्दाने संपूर्ण विधान ऐकीव ठरविता येते आणि ऐकविणाऱ्याचे नाव गुलदस्तात राहू शकते. इंग्रजी साक्षीत तशी सवलत नाही. लेखनिकाच्या साच्यात ऐकणारा आणि शक्य तेथे सांगणाराही नमूद करावा लागतो. परिणामी प्रत्येक साक्षीत दोन वंशावळी समांतर चालतात. एक नेलच्या वंशजांची. दुसरी ती हकीकत एका पिढीतून दुसऱ्या पिढीत पोहोचविणाऱ्यांची. पहिलीची विश्वसनीयता दुसरीवर अवलंबून आहे.

या दृष्टीने साक्षींतील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग पाहावा. वसाहतीचा अधिपती लॉर्ड बाल्टिमोर याने नेलला बजावले की या लग्नाने तू आपली संतती गुलामगिरीत लोटशील. तिने दिलेले उत्तर एकाहून अधिक रूपांत आढळते. एका पाठात ती रडू लागते व म्हणते की लॉर्डसाहेबाशी त्याच्या साऱ्या मुलखासकट लग्न करण्यापेक्षा अशा स्थितीतही या गुलामाशीच लग्न करणे मी पसंत करीन. दुसऱ्या पाठात अश्रू नाहीत. लॉर्डापेक्षा चार्ल्सची शय्या बरी, असा रोखठोक टोला आहे. भाव भिन्न, शब्द भिन्न. परंतु दोहोंची चौकट एकच आहे : ‘तुमच्यापेक्षा तो बरा.’ मौखिक परंपरेचा अभ्यास ज्यांनी केला आहे त्यांना ही खूण परिचित वाटेल. प्रसंगाचा सांगाडा व तुलनेचे वाक्य स्थिर राहते. त्याभोवतीचा तपशील सांगणाऱ्याच्या प्रवृत्तीनुसार बदलतो.

मार्था होड्स या इतिहासकार विदुषीने १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘व्हाइट विमेन, ब्लॅक मेन’ या ग्रंथात नेल व चार्ल्स यांच्या विवाहाला एक महत्त्वाचे प्रकरण दिले आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात गोरी स्त्री व काळा पुरुष यांच्या संबंधांकडे समाज यादवी युद्धापूर्वी काही प्रमाणात काणाडोळा करीत असे, हा त्यांचा सिद्धान्त. आणि नेलची कथा हे त्याचे ठळक उदाहरण. त्यांचे परिश्रम व सावधपणा निर्विवाद आहेत. परंतु शेजाऱ्यांना काय आठवले यावर भर राहिल्याने, ते त्यांनी कोणत्या प्रश्नाच्या उत्तरादाखल आठविले, हा मुद्दा मागे पडतो. लग्न झाले होते काय, ते १६८१ च्या कायद्याच्या आधी की नंतर, धन्याला व अधिपतीला ते ठाऊक होते काय, हे वादाचे मुद्दे होते. लॉर्डाचा इशारा या मुद्द्यांना नेमके उत्तर देतो. परिणाम जाणूनबुजून तिने लग्न केले, असे तो सुचवितो. प्रतिवादी धन्यांना हेच हवे होते. जे वाक्य आज नेलच्या स्वाभिमानाचा पुरावा म्हणून वाचले जाते, तेच न्यायालयात तिच्या वंशजांविरुद्ध पडू शकत होते. ही गोष्ट विसरून त्या वाक्याला नेलचा ‘आवाज’ म्हणणे धाडसाचे ठरेल.

विल्यम थॉमस यांच्या ‘अ क्वेश्चन ऑफ फ्रीडम’ (२०२०) या ग्रंथाने मेरीलँडमधील अशा अनेक कुटुंबांचे दावे एकत्र पाहिले आहेत. पिढ्यान्‌पिढ्या न्यायालयाशी झगडणारे कुटुंब हा तेथे नायक आहे. ही दृष्टी आम्हांस अधिक फलदायी वाटते, कारण ती वंशकथेला एका स्त्रीच्या धीट उद्गारापाशी थांबवीत नाही. बटलर कुटुंबाचा लढा पाहता ते पटतेही. १७७० साली प्रांतिक न्यायालयाने विल्यम व मेरी यांना मुक्त ठरविले. १७७१ साली अपील न्यायालयाने तो निकाल फिरविला. पुढे त्यांचीच कन्या मेरी बटलर हिने दावा मांडला व १७८७ साली तिचा विजय झाला. १७९१ साली तो निकाल कायम झाला. या वेळी न्यायालयाने कारण दिले ते असे : गुलामाशी विवाह केल्याबद्दल नेल अभिलेख ठेवणाऱ्या न्यायालयात दोषी ठरलेली नव्हती, अशा दोषसिद्धीवाचून स्वतंत्र गोरी स्त्री गुलाम होत नाही, अर्थात तिची संततीही नाही.

या निकालाची खोच लक्षात घ्यावी. साक्षींत काय होते त्याने नव्हे, तर अभिलेखांत काय नव्हते त्याने मेरी बटलर मुक्त झाली. आणि नेलचे वर्णनही आता बदलले आहे. कायद्याच्या तोंडी ‘इंग्रज’, शेजाऱ्यांच्या तोंडी ‘आयरिश’, न्यायालयाच्या तोंडी ‘स्वतंत्र गोरी’; एकाच स्त्रीची शंभरएक वर्षांतील ही तीन नामकरणे आहेत. वंशजांना मुक्ती मिळाली ती तिसऱ्या नावाखाली. जो शब्द इतर असंख्यांच्या दास्याचे समर्थन करीत होता, तोच या एका कुळाच्या उपयोगी पडला, हे विसरता कामा नये.

ऐकीव पुराव्याचे पुढे काय झाले, तेही पाहिले पाहिजे. १८१३ साली मायमा क्वीन या स्त्रीचा दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी असे ठरविले की कोण कोणाचे अपत्य हे दाखविण्यापुरता ऐकीव पुरावा चालेल, परंतु पूर्वज स्त्री स्वतंत्र होती हे सिद्ध करण्यास तो चालणार नाही. मेरीलँडचे न्यायमूर्ती गेब्रिएल ड्युव्हॉल यांनी एकट्याने भिन्न मत नोंदविले : आपल्या प्रांतात असा पुरावा दीर्घकाळ ग्राह्य धरला गेला आहे, आणि साक्षीदार मरून गेल्यावर या निराधार लोकांपाशी दुसरा पुरावा उरतोच कोठे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्या निर्णयाने ‘ती अमकीची मुलगी’ हे ऐकीव वाक्य खरे आणि ‘ती स्वतंत्र होती’ हे ऐकीव वाक्य अग्राह्य ठरले. दोन्ही वाक्ये एकाच मुखातून, एकाच स्मृतीतून आलेली; त्यांच्यातील भेद मालमत्तेच्या काळजीने केला, भाषेने नव्हे.

मौखिक साधनांवर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने यावरून एक बोध घ्यावा. साक्षीत कोण बोलतो, कोणाकडून ऐकून बोलतो, कोणत्या प्रश्नाला उत्तर देतो आणि कोणाला बोलू दिलेले नाही, हे चार प्रश्न विचारल्याखेरीज तिच्यातील एकही वाक्य उचलू नये. नेलच्या बाबतीत चौथ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत जड आहे. ज्यांची वंशकथा होती त्यांनाच ती सांगण्यास मनाई होती. त्यांनी ती आपल्या आडनावात जपली, आणि अखेर त्याच नावाने ती न्यायालयाच्या निकालात कायमची नोंदली गेली.