आठपट टाकी, पावणेसातपट इंजिन

‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ हा खेळ बहुतेकांच्या लक्षात राहतो तो त्यातल्या हिरव्या कर्बल अंतराळवीरांमुळे आणि प्रक्षेपणतळावर होणाऱ्या स्फोटांमुळे. मेक्सिकोतल्या स्क्वाड कंपनीत फेलिपे फलांघे यांनी तो घडवला. २०११ मध्ये तो लोकांसमोर आला आणि २०१५ मध्ये त्याची १.० आवृत्ती निघाली. माझा जीव जडला आहे तो त्यातल्या सुट्या भागांच्या यादीवर. व्यास, वजन, रेटा असे रुक्ष वाटणारे आकडे. पण एकाशेजारी एक ठेवून सावकाश वाचले, की रचणाऱ्याचा हात दिसू लागतो.

सुरुवात दोन टाक्यांपासून करू. ‘एफएल-टी८००’चा व्यास सव्वा मीटर, भरलेले वजन साडेचार टन. ‘जंबो-६४’चा व्यास अडीच मीटर, उंचीही दुप्पट, आणि भरलेले वजन ३६ टन. लांबी-रुंदी दुप्पट, म्हणून वजन नेमके आठपट. रिकाम्या टाक्या तोलल्या तरी तेच: अर्धा टन आणि चार टन. घनाच्या नियमात किलोचीही सूट नाही.

खरी गंमत या टाक्यांखाली इंजिन बसवताना आहे. इंजिनाला जागा मिळते ती टाकीच्या बुडाशी, आणि व्यास दुप्पट झाला की बुडाचे क्षेत्रफळ चौपटच होते. वजन आठपट आणि जागा चौपट, हा पेच. सव्वा मीटरच्या तीन टाक्या एकावर एक ठेवून खाली ‘रिलायंट’ लावा. समुद्रसपाटीला त्याचा रेटा सुमारे २०५ किलोन्यूटन. डोक्यावर दुसरे ओझे नसेल, तर रेटा वजनाच्या १.४२ पट भरतो आणि रॉकेट झोकात उठते. आता हेच रॉकेट अडीच मीटरचे करा, तीन जंबोंचे. क्षेत्रफळाच्या हिशेबाने चौपट रेटा दिला असता, तर तो वजनाच्या पाऊणपटही भरला नसता. रॉकेट तळावरच धुमसत राहिले असते. उलट आठपट दिला असता, तर मोठे रॉकेट लहान्याची नुसती फुगवलेली नक्कल झाले असते. ‘मेनसेल’ इंजिन देते सुमारे १,३८० किलोन्यूटन, म्हणजे पावणेसातपट. रॉकेट उठते, पण जडपणे: गुणोत्तर १.२३. मग खेळाडूचा हात आपोआप बाजूच्या बूस्टरकडे जातो. दोन ‘किकबॅक’ जोडले, की गुणोत्तर १.६ वर येते. मोठ्या रॉकेटला घन इंधनाच्या बूस्टरची गरज का भासते, हे कुठेही लिहून न ठेवता एका आकड्यातून जाणवून देणे, याला मी उच्च दर्जाची कारागिरी म्हणतो.

आणि हा पावणेसातचा आकडा सरसकट लावलेला नाही. वरच्या टप्प्याच्या इंजिनांकडे वळा. ‘टेरियर’चा रेटा ६० किलोन्यूटन, त्याच्या दुप्पट व्यासाच्या ‘पूडल’चा २५०. इथे मात्र क्षेत्रफळाप्रमाणे जवळपास चौपटच! कारण अवकाशात रॉकेट जमिनीवरून उचलायचे नसते, वेग हळूहळू वाढला तरी चालतो. जिथे पेच आहे तिथेच सढळपणा आणि जिथे नाही तिथे हात आखडता, हा विवेक पाहून दाद द्यावीशी वाटते.

‘नर्व्ह’ हे अणुइंजिन तर या यादीतले सर्वांत विचारपूर्वक घडवलेले पात्र. रेटा टेरियरइतकाच, ६०. वजन मात्र सहापट, तीन टन. त्या बदल्यात विशिष्ट आवेग, म्हणजे इंधन पुरवून वापरण्याची ताकद, टेरियरच्या ३४५ सेकंदांसमोर तब्बल ८००. मग सगळीकडे हेच का लावू नये? अर्ध्या टनाचे यान, एक टन इंधन आणि त्याची टाकी घेऊन हिशेब करा. टेरियर सेकंदाला सुमारे २,१५० मीटरचा वेगबदल देते, नर्व्ह १,९०० च्या आसपास अडकते. स्वतःचेच ओझे त्याला भोवते. यान दोन टनांचे आणि इंधन चार टन केले, की चित्र पालटते: टेरियर २,८७०, नर्व्ह ४,२९०. कोणतेच इंजिन मुळात श्रेष्ठ नाही, श्रेष्ठत्व ओझ्यावर ठरते. म्हणूनच नंतरच्या ‘मेकिंग हिस्टरी’ या जोडसंचातले ‘वुल्फहाउंड’ मला खटकते. ३८० सेकंदांचा आवेग आणि वर भरघोस रेटा. पूडलचा विचार करायचे कारणच ते हिरावून घेते.

दोन व्यास जुळवणाऱ्या निमुळत्या तुकड्यांकडे सहसा कोणी पाहत नाही. आमच्या बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीच्या केदारेश्वर मंदिरात मूर्तींवर नजर खिळते, पण रुंद जोत्यावरून भिंत वर चढते तिथले थरही तितक्याच लक्षाने घडवलेले असतात. तसे हे तुकडे. त्यांतले काही पोकळ आहेत, काहींच्या पोटात इंधन भरलेले आहे. सांधासुद्धा वाया न घालवण्याची ही दृष्टी मला फार आवडते.

आणखी एक बारकावा. कर्बिन या ग्रहाची त्रिज्या अवघी ६०० किलोमीटर, पृथ्वीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. कक्षेत पोचायला तिथे सेकंदाला सुमारे ३,४०० मीटर पुरतात. पृथ्वीवर नऊ हजारांहून अधिक लागतात. इतक्या सोप्या ग्रहावर खऱ्या तोलामोलाची इंजिने दिली असती, तर रॉकेटला टप्पेच लागले नसते. म्हणून भाग मुद्दाम जड आहेत. मेनसेल निर्वातातही स्वतःच्या वजनाच्या साधारण पंचवीसपटच रेटा देते. आजची उत्तम खरी इंजिने शंभरपटीच्या पुढे जातात. ग्रह हलका, म्हणून यंत्र जड, आणि त्यातून अडचण मात्र खऱ्यासारखी.

या यादीवर नजर तयार झाली, की इस्रोचे एलव्हीएम-३ रॉकेट निराळेच दिसते. त्याच्या एस-२०० बूस्टरच्या ३.२ मीटर व्यासाच्या कवचांचे काही भाग इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यात घडतात, काही विकास इंजिने विक्रोळीला गोदरेजमध्ये. मधल्या चार मीटरच्या टप्प्याखाली अशी दोन विकास आहेत, दोन्ही मिळून सुमारे १,६०० किलोन्यूटनची. ६४० टनांच्या या रॉकेटला नुसते तोलून धरायलाच जवळपास ६,३०० लागतात. म्हणजे जमिनीवरून उठताना विकासचा उपयोग थोडाच. तेव्हा ती पेटवतच नाहीत. सारा भार दोन बूस्टर उचलतात. चंद्रयान-३ च्या वेळी, १४ जुलै २०२३ ला, विकास पेटली ती सुमारे १०८ व्या सेकंदाला, विरळ हवेत, आणि बूस्टर सुटले ते १२७ व्या सेकंदाला. मधल्या वीसेक सेकंदांत बूस्टरचा जोर ओसरत जातो आणि विकासचा पुरता लागतो, त्यामुळे रेट्यात खंड पडत नाही.