फादर स्टीफन्स यांचें क्रिस्तपुराण : चाळीस वर्षांच्या धर्मसेवेची साक्ष

जुन्या ग्रंथाची परीक्षा करितांना भाषा, वृत्त व लेखनकाल यांचा विचार आपण नेहमीं करितों. परंतु ग्रंथ कर्त्याच्या आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर जन्मास आला, हा प्रश्न बहुधा राहून जातो. फादर थॉमस स्टीफन्सकृत क्रिस्तपुराणाच्या बाबतींत आम्हांस हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हे इंग्रज जेझुइट इ. स. १५७९ च्या आक्टोबरांत गोव्यास उतरले व १६१९ मध्यें वारले. मधल्या चाळीस वर्षांचा बहुतेक काळ त्यांनीं साष्टी प्रांतांत लोकांमध्यें राहून घालविला. पुराण रायतूर येथें छापलें गेलें तें १६१६ मध्यें, म्हणजे आगमनानंतर सदतिसाव्या वर्षीं. तेव्हां हें नवख्या उत्साहाचें फळ नव्हे, हें उघड आहे.

ज्या भूमींत हें काम चाललें, ती शांत नव्हती. साष्टींतील देवळें १५६७ मध्यें पाडण्यांत आलीं होतीं. १५८३ मध्यें कुंकळी येथें पांच जेझुइट मारले गेले, आणि पुढें गांवच्या प्रमुखांना बोलणें करण्याच्या मिषानें बोलावून त्यांतील अनेकांस ठार करण्यांत आलें. दोन्ही बाजूंनीं रक्त सांडलेल्या अशा प्रांतांत परका मनुष्य चार दशकें टिकतो, तो केवळ आज्ञेच्या बळावर टिकत नाहीं. त्याला आपल्या कामाचा कांहीं अर्थ गवसलेला असला पाहिजे. तो अर्थ कोणता, याचें उत्तर चरित्रकारांपेक्षां पुराणच अधिक चांगलें देतें, असें आमचें मत आहे.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्यांत ३६ व दुसऱ्यांत ५९ अवस्वरू असून एकूण ओव्या १०,९६२ भरतात. आरंभींच एक नवख्रिस्ती श्रोता पाद्रीगुरूपुढें आपली अडचण मांडतो : आमचीं पूर्वींचीं पुराणें तुम्ही वर्ज्य केलीं, तर त्यांच्या जागीं वाचावयास आम्हांस दुसरें पुराण कां देत नाहीं? या मागणीचें उत्तर म्हणून कथा सुरू होते व मधून मधून श्रोत्यांच्या शंकांनीं थांबते.

यावर असा आक्षेप येईल कीं, श्रोता-वक्ता संवाद हा आपल्या पुराणग्रंथांचा ठरीव सांचा आहे. त्यावरून खऱ्या संभाषणाचें अनुमान काढणें धाडसाचें होईल. आक्षेप वजनदार आहे. पण सांच्याला श्रोत्याचा प्रश्न हवा असतो, श्रोत्याची तक्रार नव्हे. आपल्याच धर्मसंस्थेच्या मनाईमुळें लोकांच्या जीवनांत पोकळी पडली, अशी कबुली धर्मप्रचारक आपल्याच शिष्याच्या तोंडीं सहजासहजीं घालीत नाहीं. ही तक्रार स्टीफन्स यांनीं वर्षानुवर्षें ऐकली असावी, आणि तिचें उत्तर देणें हेंच पुढें त्यांच्या सेवेचें प्रयोजन झालें असावें, असें आम्हांस वाटतें. मात्र येथेंच ग्रंथाची मर्यादाही सांगितली पाहिजे. जी उणीव भरून काढण्यास कवि पुढें आला, ती त्याच्याच पक्षाच्या सत्तेनें निर्माण केली होती. मराठीची पहिल्या अवस्वरूंतील स्तुति वाचून हरखून जाणाऱ्यांनीं ही गोष्ट विसरूं नये; व केवळ ही गोष्ट पाहून ग्रंथ टाकून देणाऱ्यांनीं कवीचे श्रम विसरूं नयेत.

आतां लिपीचा वाद. इ. स. १६०८ च्या एका पत्रांत स्टीफन्स यांनीं देशी लिपींत ग्रंथ छापण्याची आपली जुनी इच्छा व्यक्त केली आहे. युरोपांतील चोवीस अक्षरांच्या मानानें येथें सुमारें सहाशें सांचे लागतील, ही अडचणही ते नमूद करितात. पुस्तक अखेर रोमन अक्षरांत निघालें. पुढें लंडन येथील मार्सडेन संग्रहांत देवनागरी हस्तलिखित उजेडांत आलें, तेव्हां जस्टिन अॅबट यांनीं १९२३ मध्यें तेंच मूळ असल्याचें प्रतिपादन केलें. आम्हांस हें मान्य करवत नाहीं. त्या प्रतींत संस्कृत शब्दांचा भरणा अधिक आहे, आणि असा भरणा मागाहून केलेल्या संस्करणाचाही परिणाम असूं शकतो. पत्रावरून इच्छा सिद्ध होते, कृति सिद्ध होत नाहीं.

या वादापेक्षां एक साधी गोष्ट अधिक बोलकी आहे. पुराणाच्या १६१६, १६४९ व १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या, पण त्यांतील एकही छापील प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ तरला तो हस्तलिखितांनीं. देशी भाषा तीन वर्षांत सोडून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम १६८४ मध्यें गोव्यांत निघाला. तरीही कानडा प्रांतांत गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं या ओव्या उतरून घेतल्या व वाचल्या. तशाच हस्तलिखितांच्या आधारें जोसेफ सालढाणा यांनीं १९०७ मध्यें मंगळूर येथें आवृत्ति काढली. छापखाना धर्मसंस्थेचा होता, पण नकला करणारे हात लोकांचे होते. चाळीस वर्षांच्या सेवेचें मोजमाप करावयाचें तर बाप्तिस्म्यांच्या आंकड्यांपेक्षां या नकलांवर आम्ही अधिक विश्वास ठेवूं.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे. जुन्या घरांत रोमन अक्षरांचीं बाडें आढळल्यास तीं फिरंगी कागद समजून बाजूस टाकूं नयेत. दोन ओळी मोठ्यानें वाचून पाहाव्या. ओवी असेल तर कानास लगेच कळेल. नकलकाराचें नांव, कागदाचा प्रकार, समासांतील टिपा व वाचून मळलेलीं पानें यांची नोंद ठेवावी. ग्रंथाचा मूळ पाठ ठरविण्यास त्याचा उपयोग होईलच. पण कोणता भाग लोकांनीं पुन्हा पुन्हा उघडला, हें कळल्यास त्या वृद्ध पाद्र्याचे श्रम कोठें रुजले, याचाही पत्ता लागेल.