उशाशी टांगलेला कागद

ब्रिटनमध्ये गळ्यात नळी असलेल्या रुग्णाच्या उशाशी एक रंगीत कागद टांगतात. तो ‘नॅशनल ट्रॅकिऑस्टॉमी सेफ्टी प्रोजेक्ट’चा. भूलतज्ज्ञ ब्रेंडन मॅग्रा आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली ‘ॲनस्थेशिया’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. त्याला वाङ्मय कोणी म्हणणार नाही. पण मोजक्या शब्दांत नेमके सांगण्याची कसोटी लावली, तर तो तिला पुरेपूर उतरतो.

कागद दोन रंगांत येतो. ट्रॅकिऑस्टॉमी झालेल्याला हिरवा: गळ्याला छेद आहे, पण नाकातोंडाची वाट बहुधा शाबूत आहे. स्वरयंत्र काढून टाकलेल्याला लाल: याच्या तोंडाचा फुप्फुसांशी संबंध उरलेला नाही, तोंडावाटे प्राणवायू देऊन उपयोग नाही. वरून पाहिले तर दोघांच्याही गळ्याला भोकच. दुसऱ्या वॉर्डातून धावत आलेल्या रात्रपाळीच्या डॉक्टरला केसपेपर चाळायला वेळ नसतो; रंग हा फरक दारातूनच सांगतो. खाली नळीचा आकार, छेद कसा घेतला त्याचे चित्र आणि शस्त्रक्रियेची तारीख. तारीख उगाच नाही. छेद ताजा असताना नळी निसटली, तर वाट मिटू लागते आणि नळी पुन्हा बसवणे जिवावर बेतू शकते.

मागच्या बाजूला संकटातला क्रम आहे. तज्ज्ञांना बोलवा. श्वास पाहा, ऐका, हाताला जाणवतो का बघा. तोंडाशीही आणि गळ्याशीही. हिरव्या कागदावर प्राणवायूसुद्धा दोन्हीकडे. मग मुख्य नळीत बसवलेली आतली नळी काढा. सक्शनची नळी आत जाते का पाहा. अडली, तर मुख्य नळीभोवतीच्या फुग्यातली हवा सोडा. तरीही रुग्ण सावरत नसेल, तर मुख्य नळीच काढून टाका.

या शेवटच्या सूचनेत कागदाचे सारे बळ आहे. माणूस जिच्यातून श्वास घेतो ती नळी काढायला हात सहजासहजी धजत नाही. त्याऐवजी तिच्यातून हवा रेटत राहावेसे वाटते. नळी जागेवरून सरकलेली असेल, तर तीच हवा मानेच्या कातडीखाली भरते. म्हणून कागद आधी कमी धोक्याच्या पायऱ्या चढवतो. अवघड पायरी येईपर्यंत बाकीच्या शंका फिटलेल्या असतात.

नवे तंत्रज्ञान या क्रमात जेमतेम एका ओळीपुरते येते: कॅप्नोग्राफी. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजून हे यंत्र पडद्यावर दर श्वासाला एक लाट काढते. लाट उठली, तर वाट निदान थोडी तरी उघडी आहे. रेषा सपाट झाली, तर पहिला संशय नळीवर. बोटाला लावलेला ऑक्सिमीटरही धोका सांगतो, पण उशिरा, रक्तातला प्राणवायू उतरू लागल्यावर. रॉयल कॉलेज ऑफ ॲनस्थेटिस्ट्स आणि डिफिकल्ट एअरवे सोसायटी यांच्या ‘नॅप-४’ या पाहणीचा अहवाल २०११ साली आला. आयसीयूत श्वासमार्गाच्या दुर्घटनांत झालेल्या मृत्यूंपैकी ७० टक्क्यांहून अधिक मृत्यूंना कॅप्नोग्राफी न वापरल्याने हातभार लागला असावा, असे त्यात म्हटले आहे.

असे असताना कागद कॅप्नोग्राफी उपलब्ध असेल तरच वापरायला सांगतो, हे प्रथम खटकते. पण साध्या वॉर्डात बहुतेक वेळा हे यंत्र नसते, आणि यंत्रावाचून पुढची पायरी अडून चालणार नाही. यंत्राला मान द्यायचा, पण रुग्णाचा जीव त्याच्यावर टांगून ठेवायचा नाही, हे भान लिहिणाऱ्यांना होते. कागदाची मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच.

आपल्याकडे तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाच्या वॉर्डांत गळ्यात नळी असलेले रुग्ण नेहमीचेच. तिथल्या डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी असा कागद मराठीत करावा, आपल्या रुग्णालयाचे तातडीचे फोन क्रमांक त्यावर घालावेत आणि खाटेखाटेशी लावावा. आणि आयसीयूतले कॅप्नोग्राफीचे यंत्र कपाटात पडून असेल, तर ते आजच बाहेर काढून व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला लावावे.