‘याड’ हिंदीत का लागत नाही?

आमच्या कामात एखादी गोष्ट कुठे बिघडली हे शोधायचं असेल तर एक साधी पद्धत असते. बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं, एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं. गाण्यांच्या बाबतीत अशी सोय फारशी मिळत नाही. कव्हर म्हटलं की गायक बदलतो, वाद्यं बदलतात, कधी तालही बदलतो. मग फरक नेमका कशामुळे पडला, ते सांगता येत नाही.

‘याड लागलं’ आणि ‘पहली बार’ ही जोडी मात्र अशा तपासणीसाठीच बनवल्यासारखी आहे. पहिलं गाणं नागराज मंजुळेंच्या ‘सैराट’मधलं, २०१६चं. दुसरं ‘धडक’मधलं, २०१८चं. दोन्हींचं संगीत अजय-अतुलचं, दोन्हींत आवाज अजय गोगावलेंचा. चाल तीच, वाद्यमेळाचा थाटही जवळपास तोच. हिंदी शब्द अमिताभ भट्टाचार्य यांचे. म्हणजे मूळ कलाकारांनीच स्वतःच्या गाण्याचं केलेलं हे कव्हर, आणि ऐकताना बदललेली मुख्य गोष्ट एकच, ती म्हणजे भाषा.

तरीही दुसरं गाणं ऐकताना काहीतरी सुटल्यासारखं वाटतं. ‘मराठी ते मराठी’ असं म्हणून हात झटकता येतील, पण ते उत्तर नाही. याच जोडीच्या ‘कोंबडी पळाली’चं (‘जत्रा’, २००६) ‘अग्निपथ’मध्ये ‘चिकनी चमेली’ झालं, २०१२ साली. तेही शब्द भट्टाचार्यांचेच. ते गाणं हिंदीत दणकून चाललं आणि त्यात काही हरवल्याची तक्रार मी तरी कुणाकडून ऐकली नाही. नाचाच्या गाण्यात ठेका पुढे असतो, शब्द त्याच्या मागे पळतात. ‘याड लागलं’मध्ये ठेका नाही, शब्द पुढे आहे.

आणि शब्द कोणता, तर ‘याड’. प्रमाण मराठीत वेड, सोलापूरकडे याड, आमच्या मराठवाड्यात येड. शाळेत ‘पानी’ म्हटलं की ‘पाणी’ असं दुरुस्त होणाऱ्या, पुण्याला मुलाखतीला जाताना बसमध्ये ‘ण’ घोटून घेणाऱ्या पोरांना या एका अक्षराचं मोल वेगळं सांगायला नको. ‘सैराट’ आला तेव्हा मी इथे, छत्रपती संभाजीनगरला, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो. होस्टेलवर जालना, बीड, परभणी, हिंगोलीची पोरं. वर्गात प्रेझेंटेशन देताना जपून बोलणारी हीच पोरं रात्री गच्चीवर हे गाणं घसा ताणून म्हणायची. ज्या उच्चारामुळे आपल्याला गावंढळ म्हणतात, तोच उच्चार एवढ्या मोठ्या वाद्यवृंदासोबत ऐकू येतोय, याचं अप्रूप कुणी बोलून दाखवलं नाही, पण ते होतं.

तो वाद्यवृंद हा खरा मुद्दा आहे. ‘सैराट’चं संगीत लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर, प्रत्यक्ष सिम्फनी ऑर्केस्ट्रा बसवून ध्वनिमुद्रित झालं. हॉलिवूडच्या सिनेमांचं संगीत जिथे होतं, ती जागा. एका बाजूला व्हायोलिनचा तो अथांग पसारा आणि दुसऱ्या बाजूला करमाळ्याकडच्या, मासेमारी करणाऱ्या घरातल्या पोराच्या तोंडचा ‘याड’. या दोघांमध्ये मोठं अंतर आहे आणि गाणं ते लपवत नाही. व्हायोलिनसाठी शब्द नटूनथटून येत नाही आणि शब्दासाठी व्हायोलिन खाली उतरत नाहीत. परश्याचं घर आणि आर्चीच्या पाटलाचा वाडा यांच्यातलं जे अंतर सिनेमाभर दिसत राहतं, ते इथे कानाने कळतं. होडीतून उडी टाकून, धावत विहिरीपर्यंत येणारा परश्या त्या अंतरावरूनच धावतोय.

हिंदीत हे अंतर मिटतं. ‘पहली बार’ची भाषा सफाईदार आहे. हिंदी सिनेमात प्रेमात पडलेला कुठलाही मुलगा बोलेल अशी. ऑर्केस्ट्राला ती लगेच शोभते, आणि शोभते हीच अडचण आहे. दोघं एकाच घरचे वाटतात. ‘धडक’वर जातीचा प्रश्न बोथट केल्याची टीका बरीच झाली. माझ्या मते तो कसा बोथट झाला, हे कळायला पटकथेपर्यंत जायचीही गरज नाही. ते या एका गाण्यात ऐकू येतं.

आता जरा आवाजाकडे. ‘याड’मध्ये तोंड पूर्ण उघडतं. ‘लागलं’च्या शेवटी तो लांबवलेला ‘अ’ येतो, जो आपण बोलताना ‘केलं’, ‘गेलं’मध्ये काढतो. त्यानंतर येणारा ‘गं’सुद्धा त्याच उघड्या स्वरावर थांबतो. गायकाला श्वास सोडून द्यायला ही जागा फार सोयीची. हिंदीत त्याच ठिकाणी ‘जी’ येतो. ‘ई’ हा आवळलेला स्वर. अजय गोगावले तो ताकदीने लावतात, पण तिथे गळा सैल सुटत नाही.

अर्थाचंही तेच. ‘गं’ म्हटलं की समोर ‘ती’ आहे, आणि बोलणारा तिच्याशी बरोबरीने, जवळिकीने बोलतोय. परश्याने आर्चीला ‘गं’ म्हणणं ही गावाच्या हिशेबात आगळीक आहे. पाटलाच्या मुलीला गावातलं कोण एकेरीत हाक मारतं? हिंदीतला ‘जी’ अदबीचा. तो कुणालाही उद्देशून चालतो, कुणाचीही पायरी ओलांडत नाही. गंमत म्हणजे ‘जी’ आपल्यालाही परका नाही. पोवाड्यात झीलकरी मागून ‘जी जी’ धरतात, आणि ‘सैराट झालं जी’ या शीर्षकगीतातला ‘जी’ मला त्याच घरातला वाटतो. तिथे त्या अक्षरामागे अख्खा गाव उभा असल्याचा भास होतो. ‘पहली बार’मध्ये तो मागचा गाव ऐकू येत नाही, नुसती अदब राहते.

शिवाय याड ‘लागतं’. भूक लागते, ठेच लागते, तसं. त्यात करणारा कुणी नसतो, ज्याला लागलं तो फक्त सोसतो. ‘पहली बार’ ही मोजणी आहे, पहिल्या वेळेनंतर दुसरी येऊ शकते. ज्याचा शेवट ‘सैराट’च्या शेवटासारखा होतो, त्या पोराच्या तोंडी ही मोजणी मला पटत नाही.

म्हणजे हिंदी भाषाच तोकडी का? हे मी या शहरात राहून म्हणू शकत नाही. इथे शेअर रिक्षात बसलं की ‘हौ’, ‘नक्को’, ‘कायकू’ कानावर पडतं. ती हिंदी दिल्लीची नाही, मुंबईच्या सिनेमाचीही नाही, दख्खनची आहे. याच शहराच्या वली औरंगाबादीने दख्खनीची कविता दिल्लीपर्यंत पोचवली. याच शहराचा अठराव्या शतकातला सूफी कवी सिराज औरंगाबादी. प्रेमात भान जाणं, आणि पुढे ते वेडसुद्धा उरू नये इतकं हरवणं, हा त्याच्या सर्वांत गाजलेल्या गझलेचा विषय. आबिदा परवीनच्या आवाजात ती ऐका, याडाला त्या भाषेत किती जागा आहे ते कळेल. ‘धडक’ची गोष्ट उदयपूरला नेली, पात्रांच्या बोलण्याला तिथला थोडा हेलही दिला. गाण्यालाही तिथल्या मातीतला एखादा शब्द मिळाला असता. तो घेतला नाही, कारण गाणं सगळीकडे सारखंच चालायला हवं होतं.

‘पहली बार’ वाईट गाणं आहे असं मी म्हणत नाही. ते सुरेल आहे, आणि त्या चालीपर्यंत त्याच्यामुळेच पोचलेले माझे दोन सहकारी आहेत, एक लखनौचा, एक भुवनेश्वरची. पण ‘धडक’मधलं मला जास्त आवडतं ते त्याचं शीर्षकगीत. त्याची चाल नवीन आहे, हिंदी शब्दांसोबतच वाढलेली, म्हणून त्यात कुणी कुणाच्या मापाचे कपडे घातल्यासारखं वाटत नाही.

त्या दोघांना मी ‘याड लागलं’ ऐकवलं तेव्हा लखनौवाल्याने अर्थ विचारला. ‘पागलपन’ म्हणालो, मग ‘दीवानगी’ म्हणालो. दोन्ही पुरे पडेनात. शेवटी सांगितलं, हा शब्द चुकीचा आहे असं आम्हाला लहानपणापासून शिकवलंय, आणि तो तरीही हाच म्हणतोय. त्याने गाणं परत पहिल्यापासून लावलं.