वर्धा मार्गावरील दुमजली पूल : मूल्य अभियांत्रिकीच्या दृष्टीने एक परीक्षण

नागपूर शहरात वर्धा मार्गावरील छत्रपती चौकात उभा असलेला उड्डाणपूल २०१६ सालच्या नोव्हेंबर महिन्यात पाडण्यात आला. त्याचे आयुष्य तेव्हा जेमतेम दीड दशकाचे होते. तो जीर्ण झाला म्हणून पाडला गेला नाही. त्याच जागेवरून मेट्रो रेल्वे आणि तिच्या खालून महामार्गाचा नवा उड्डाणपूल न्यावयाचा होता, म्हणून पाडला गेला. पुढे तेथे तीन पातळ्यांची रचना साकार झाली: जमिनीवर जुना रस्ता, त्यावर वाहनांसाठी उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रोचा मार्ग. ३.१४ किलोमीटर लांबीच्या या दुमजली पुलाची २०२२ साली गिनीज विक्रमांत नोंद झाली. एकाच खांबांच्या रांगेवर दोन वाहतूकमार्ग तोलण्याचे हे काम स्थापत्याच्या दृष्टीने कौतुकास पात्र आहे, यात संशय नाही. परंतु ज्या कसोटीवर त्याचे समर्थन सामान्यतः केले जाते, ती काटकसरीची कसोटी. आणि काटकसर व मूल्य या दोन कल्पना एक नव्हेत. मूल्य अभियांत्रिकी या शास्त्राच्या मूळ भूमिकेवरून पाहिले असता या पुलाची योग्यता कितपत ठरते, हे तपासण्यासारखे आहे.

या शास्त्राचा उगम कारखान्यात झाला, बांधकामावर नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नेहमीचा माल मिळेनासा झाला, तेव्हा अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीला पर्यायी वस्तू वापराव्या लागल्या. आणि त्यांपैकी काही वस्तू मूळच्यापेक्षा स्वस्त असून कामास तितक्याच उपयोगी ठरल्या. १९४७ च्या सुमारास लॉरेन्स माइल्स यांनी या योगायोगाला पद्धतीचे रूप दिले. ॲस्बेस्टॉसची गोष्ट या विषयाच्या अध्यापनात वारंवार येते. रंगकाम चालते तेथील जमिनीवर अंथरण्यास ॲस्बेस्टॉस हवे होते व ते मिळत नव्हते. विक्रेत्याने विचारले, ते तुम्हाला कशासाठी हवे आहे? रंग सांडून जमीन खराब होऊ नये आणि आग लागू नये, एवढ्यासाठी. त्याने न पेटणारा एक स्वस्त कागद पुढे केला. अडचण निघाली ती कारखान्याच्या अग्निसुरक्षेच्या नियमाची. त्यात ॲस्बेस्टॉसचाच उल्लेख होता. नियम बदलावा लागला, तेव्हा कागद आला. या गोष्टीतील मर्म स्वस्त कागदात नाही. वस्तूचे नाव बाजूला सारून तिचे कार्य विचारण्यात ते आहे, आणि नियमात कार्याऐवजी वस्तूचेच नाव लिहिलेले असते हे ओळखण्यातही आहे.

माइल्स यांनी कार्य हे एक क्रियापद आणि एक नाम यांत सांगण्याचा आग्रह धरला. ‘पूल बांधणे’ हे कार्य नव्हे; ‘वाहने ओलांडविणे’ हे कार्य. ‘कालवा खोदणे’ हे कार्य नव्हे. ‘पाणी पोचविणे’ हे कार्य. हा शाब्दिक खेळ वाटण्याचा संभव आहे. परंतु पहिल्या वाक्यातून एकच रेखाचित्र निघते आणि दुसऱ्यातून अनेक पर्याय निघतात, हा भेद केवळ शब्दांचा नाही. अमेरिकेच्या नौदलाने १९५४ मध्ये ही पद्धती स्वीकारली, १९५९ मध्ये तेथे या विषयाची संस्था स्थापन झाली, आणि साठोत्तरी दशकात ती बांधकामाच्या क्षेत्रात आली. भारतात १९७७ साली मूल्य अभियंत्यांची स्वतंत्र संस्था निघाली. तथापि आपल्याकडील सार्वजनिक बांधकामाच्या नित्य व्यवहारात या पद्धतीला स्थान मिळाले, असे म्हणवत नाही.

त्याचे कारण अभियंत्यांच्या अनास्थेत शोधणे अन्यायाचे होईल. ते कार्यपद्धतीतच आहे. सार्वजनिक काम प्रथम स्थूल अंदाजपत्रकाच्या आधारे प्रशासकीय मान्यता मिळविते, त्यानंतर सविस्तर अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता मिळते, मग निविदा निघते. तांत्रिक मान्यतेच्या वेळी कागदांची छाननी कसोशीने होते; दर दरसूचीप्रमाणे आहेत काय, परिमाणे बरोबर मोजली आहेत काय, हे पाहिले जाते. परंतु ती वस्तूच हवी होती काय, हा प्रश्न तेथे उपस्थित होत नाही. कारण तो प्रशासकीय मान्यतेच्या वेळीच, म्हणजे माहिती सर्वांत कमी असताना, सुटलेला धरण्यात आलेला असतो. प्रकल्पावर प्रत्यक्ष पैसा खर्च होतो तो शेवटी, पण तो किती खर्च होणार हे बहुतांशी आरंभीच ठरते. मार्ग कोठून जावा, पातळी कोणती असावी, एकच रचना असावी की दोन, या निर्णयांनंतर उरते ती सिमेंटच्या पोत्यांची आणि सळईच्या जाडीची काटकसर. तिला मूल्य अभियांत्रिकी म्हणण्याची प्रथा रूढ झाली आहे, आणि तेवढ्यामुळेच या शास्त्राला गुणवत्ता छाटण्याची युक्ती अशी अपकीर्ती आली आहे.

आंतरराष्ट्रीय करारांचे नमुनेही या दोषातून पूर्णपणे मुक्त नाहीत. फिडिक या संस्थेच्या १९९९ च्या बांधकाम करारात मूल्य अभियांत्रिकीचे स्वतंत्र कलम आहे. कंत्राटदाराने बचतीचा प्रस्ताव द्यावा आणि तो मान्य होऊन रचना बदलल्यास बचतीचा निम्मा वाटा त्याला मिळावा, अशी त्याची योजना आहे. योजना चतुर आहे; पण ती जागी होते ती करारावर सह्या झाल्यानंतर. मालकाने प्रथम अनावश्यक काम कागदावर आणावे आणि ते वगळल्याबद्दल दुसऱ्याला निम्मे बक्षीस द्यावे, हा व्यवहार मालकाच्या हिशेबी फारसा शहाणपणाचा नव्हे.

आता वर्धा मार्गाकडे वळावे. नागपूर मेट्रोचा सविस्तर प्रकल्प अहवाल दिल्ली मेट्रो रेल महामंडळाने २०१३ मध्ये तयार केला. २०१४ च्या ऑगस्टमध्ये ३८ किलोमीटरहून किंचित अधिक लांबीच्या आणि ८,६८० कोटी रुपयांच्या पहिल्या टप्प्याला केंद्राची मान्यता मिळाली व भूमिपूजनही झाले. त्या वेळी छत्रपती चौकातील पूल चौकात उभाच होता. तो दिसत नव्हता असे नाही. महामार्गावरील वाढती वाहतूक हीदेखील काही नव्याने प्रकटलेली गोष्ट नव्हती. मूल्य अभियांत्रिकीच्या कार्यक्रमातील पहिली पायरी माहिती-संकलनाची असते, आणि त्या पायरीवर एकाच रस्त्यावर दोन यंत्रणांचे मनोरथ एकमेकांवर येऊन आदळणार आहेत हे कोणालाही दिसण्यासारखे होते. तरीही दोन्ही गरजा एका रचनेत गुंफण्याचा निर्णय आणि जुन्या पुलाचे पाडकाम या गोष्टी भूमिपूजनानंतर दोन वर्षांच्या आसपास आल्या.

दुमजली रचनेने काय वाचले, हे मान्य केलेच पाहिजे. दोन स्वतंत्र पूल झाले असते, तर खांबांच्या दोन रांगा, दोन वेळा पाया आणि भूसंपादनाचा दुहेरी व्याप आला असता. रस्ता दोनदा खणला गेला असता. बांधकामाच्या काळातील कोंडी दोनदा सोसावी लागली असती, आणि तिचा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिला जात नसला तरी शहर तो भरतेच. या बाजूने पाहता हे एकत्रीकरण मूल्य अभियांत्रिकीचे अस्सल उदाहरण ठरते. मात्र जमाखर्च मांडताना खर्चाच्या स्तंभात पाडलेला पूलही धरला पाहिजे. त्याची उभारणी, त्याच्या उरलेल्या आयुष्याचे मोल आणि पाडकाम, या तिन्ही रकमा या निर्णयाच्या उशिराच्या किमती आहेत.

कामठी मार्गावरील दुसरी रचना या बाबतीत उजवी आहे. साडेपाच किलोमीटरहून अधिक लांबीच्या त्या मार्गावर दोन्ही मजल्यांचा विचार बांधकामापूर्वी एकत्र झाला, आणि गड्डीगोदाम येथे तर खालचा रस्ता, रेल्वेमार्ग, उड्डाणपूल व मेट्रो अशा चार पातळ्या एकावर एक आल्या. चालू रेल्वेमार्गावर सुमारे १,६५० टनांचा पोलादी सांगाडा बसविणे हे सोपे काम नव्हते. मेट्रो २०२२ च्या डिसेंबरमध्ये धावू लागली आणि खालचा उड्डाणपूल २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये खुला झाला. तेथे नुकताच बांधलेला पूल पाडण्याची पाळी आली नाही. दोन मार्गांतील हा फरक अभियंत्यांच्या कौशल्याचा नसून प्रश्न केव्हा विचारला गेला याचा आहे.

परंतु येथेच परीक्षण थांबविले, तर ते खर्चाचेच परीक्षण होईल. कार्याचा प्रश्न अद्याप बाकी आहे. उड्डाणपुलाचे कार्य खाजगी वाहने विनाअडथळा नेणे. मेट्रोचे कार्य प्रवाशांना खाजगी वाहनाविना नेणे. एकाच मार्गिकेत, एकाच खांबावर ही दोन कार्ये बसविली आहेत आणि ती परस्परविरोधी आहेत. खालच्या मजल्यावर जो प्रवास सुकर होतो, तो वरच्या मजल्याचा प्रवासी कमी करतो. शिवाय वरच्या मजल्यावरील स्थानके अधिक उंचीवर गेल्यामुळे पायी येणाऱ्या उतारूला अधिक चढावे लागते, सरकते जिने व उद्वाहने यांचा भार वाढतो आणि त्यांची वीज व देखभाल हा कायमचा खर्च होऊन बसतो. मोटारीने जाणारा मात्र त्याहून खालच्या पातळीवर, विनासायास जातो. ज्याला आकर्षित करावयाचे त्यालाच अधिक श्रम, अशी ही मांडणी आहे. कार्यांचे चित्र आरंभी काढले असते, तर हा विरोध कागदावर दिसला असता. मग कदाचित दुमजली पूलच निवडला गेला असता. महामार्गाच्या लांब पल्ल्याच्या वाहतुकीला शहरातून वाट हवी, हा युक्तिवाद दुर्बल नाही. पण तो युक्तिवाद बाह्यवळण रस्त्याच्या पर्यायाशी तोलून मांडावा लागला असता, आणि दोन मार्ग एकत्र कसे बसवावेत या प्रश्नाआधी दोन्ही हवेत काय हा प्रश्न आला असता. एकत्रीकरणाच्या काटकसरीने नेमका तोच प्रश्न झाकला.

विदर्भातील दुसरे उदाहरण आकाराने कितीतरी मोठे आहे. वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्पाला १९८३ मध्ये ३७२.२२ कोटी रुपयांची मान्यता मिळाली आणि २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. अडीच लाख हेक्टरांवर सिंचनक्षमतेचा हा प्रकल्प पुढे राष्ट्रीय प्रकल्प झाला. आणि त्याची सुधारित किंमत १८,४९४.५७ कोटी रुपयांपर्यंत, म्हणजे मूळच्या जवळजवळ पन्नासपट गेली. ही सारी वाढ नियोजनाच्या माथी मारणे बरोबर नाही. चलनवाढ, भूसंपादनाचे वाढते दर, पुनर्वसन आणि व्याप्तीतील भर यांचा वाटा मोठा आहे. तरी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. वितरणाच्या काही भागांत अलीकडच्या वर्षांत उघड्या चाऱ्यांऐवजी जमिनीखालील बंद नलिका स्वीकारण्यात आल्या. नलिकेमुळे शेतजमीन कायमची संपादन करावी लागत नाही, पाणी झिरपून व वाफ होऊन कमी जाते. ‘पाणी पोचविणे’ हे कार्य पुढे ठेवले म्हणजे नलिका सुचते. ‘कालवा खोदणे’ हे नाव पुढे ठेवले म्हणजे सुचत नाही. ऐंशीच्या दशकात नलिकांचे तंत्र व दर आजच्यासारखे नव्हते, हे खरे. परंतु मधली तीन दशके मूळ संकल्पना कार्याच्या दृष्टीने पुन्हा तपासण्याची कोणतीही ठरलेली वेळ कार्यपद्धतीत नव्हती. अंदाजपत्रके वारंवार सुधारली गेली. त्यांत सुधारले गेले ते मुख्यतः आकडे.

कार्य न लिहिल्याने होणारी हानी नेहमी पैशांतच मोजता येते असेही नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अतिवृष्टीने अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. सांडव्याखालील मोकळी जागा ही नकाशावर रिकामी दिसते, परंतु ‘पुराचे पाणी वाहून नेणे’ हे तिचे कार्य आहे. तेथे पूल, पुतळा किंवा उद्यान यांपैकी काहीही योजताना हे कार्य प्रथम लिहिले गेले पाहिजे. आणि पुरानंतर सांडव्यासमोरील बांधकामाचा वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला, तेव्हा चर्चा मुख्यतः याच प्रश्नाभोवती फिरली.

अमेरिकेत १९९५ च्या महामार्ग कायद्याने अडीच कोटी डॉलरांवरील कामांना मूल्यविश्लेषण सक्तीचे केले आणि २०१२ मध्ये ही मर्यादा पाच कोटींवर नेली. सक्तीने आरंभीच्या टप्प्यावर काही दिवसांची बैठक होते, तीत त्या प्रकल्पाशी संबंध नसलेले अभियंतेही बसतात. प्रकल्पाच्या निर्मात्याला आपलेच अपत्य अनावश्यक ठरविता येत नाही, ही मानवी अडचण त्यामुळे थोडी सुटते. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. सल्लागाराचा मोबदला पुष्कळदा प्रकल्पखर्चाच्या शेकड्यावर ठरतो. खर्च वाचविणाऱ्या सल्लागाराने स्वतःचे उत्पन्न कमी करून घ्यावे, ही अपेक्षा कायद्याने नव्हे तर केवळ सद्भावनेने पाळली जाणारी आहे.

नागपूर मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला २०२२ च्या डिसेंबरमध्ये मंजुरी मिळाली: ४३.८ किलोमीटर, ६,७०८ कोटी रुपये, आणि बुटीबोरी, कन्हान, हिंगणा व कापसी या दिशांना विस्तार. बुटीबोरीचा फाटा त्याच वर्धा मार्गाने दक्षिणेस जातो. तेथे महामार्ग अधिक रुंद आहे, जागा आहे, आणि शहरातल्याप्रमाणे दुमजली रचनेची निकड नाही. तेथील स्थानके जमिनीलगत ठेवता येतात की नाही, औद्योगिक वसाहतीत पाळीवर येणाऱ्या कामगाराला स्थानकापासून कारखान्याच्या फाटकापर्यंत कोण नेणार, आणि ते नेण्याचे कार्य प्रकल्पाच्या खर्चात धरले आहे काय, हे प्रश्न खांबांच्या अंतराआधीचे आहेत.