निदानाआधी औषध

खाप्याच्या एका शाळेत लिनक्सवर फाइल पाठवण्याचा म्हणजे एफटीपी सर्व्हर बसवताना आम्ही एका छापील पुस्तिकेचा आधार घेतला. तिच्या 'अडचणी व उपाय' प्रकरणात बहुतेक दुखण्यांवर एकच औषध आहे: 'सीएचमॉड ७७७', म्हणजे सर्वांना सर्व परवानग्या. आमचे लॉगिन होत होते, फाइलींची यादी येत नव्हती. औषध दिले, गुण आला नाही. उलट त्या संगणकावर खाते असलेल्या कोणालाही गुणपत्रके पुसण्याची मुभा मिळाली!

सर्व्हर मात्र पहिल्यापासून '४२५' असे उत्तर देत होता. एफटीपीचा पहिला आराखडा आयआयटी कानपूरमध्ये शिकलेल्या अभय भूषण यांनी १९७१ साली मांडला. १९८५ च्या नियमावलीनुसार पहिला अंक ४ असेल तर अडचण तात्पुरती, ५ असेल तर तीच आज्ञा पुन्हा देणे व्यर्थ. दुसरा अंक २ म्हणजे जोडणी, ३ म्हणजे ओळख, ५ म्हणजे फाइलव्यवस्था. म्हणून ५३० आल्यास नाव व पासवर्ड पाहावे. ५५० आल्यासच फाइलचा पत्ता व परवानग्या.

एफटीपीत आज्ञांची जोडणी वेगळी, माहितीची वेगळी. आमची दुसरी वाट फायरवॉलने अडवली होती. माहितीसाठी मोजकी पोर्ट ठरवून तेवढीच उघडली, परवानग्या मागे घेतल्या आणि यादी आली.

पुस्तिकेत या अंकांविषयी एक ओळही नाही, हा तिचा खरा दोष. खाप्यातला विणकरही धागा तुटला की आधी तो कुठे तुटला ते शोधतो; सगळा ताणा कापत नाही. विद्यार्थ्यांना उपायांची यादी देण्यापूर्वी आपण त्यांना सर्व्हरचे उत्तर वाचायला शिकवू या.