अवयवाचा हिशेब, कामाचा प्रश्न

1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याचे पहिले परिशिष्ट वाचा. अंगठा गेला की कमाईची क्षमता 30 टक्के घटली, असे त्यात धरले आहे. मग कामगार सुतार असो वा पहारेकरी. हिशेब सोपा होतो, पण मोजला जातो तो अवयव, काम नव्हे.

1975 मध्ये प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास साबता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कामाकडे पाहिले. डावा हात कोपरावरून गेलेल्या माणसाला सुतारकाम करता येणार नाही, म्हणून त्याची अक्षमता 100 टक्के ठरवली. निकाल न्याय्य होता. तरी पदरी पडली ती रक्कमच. तो दुसरे कोणते काम करू शकेल, हा प्रश्न तसाच राहिला.

2016 चा दिव्यांग हक्क कायदा सेवेत अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यायला सांगतो. पण हे कलम शासकीय आस्थापनांपुरते आहे. खासगी कारखाना त्याबाहेर राहतो.

उद्या तेथे कामाची वाटणी तुम्ही कराल. तेव्हा प्रत्येक कामातील हालचाली सुट्या करून पाहा: कोणती एका हाताने होते, कोणती फिक्श्चर बसवल्यावर होईल? पुनर्वसनाची सुरुवात तेथून होते.